रेंजवर गेलेली बॅग विमानतळावर नको

परळहून एका नेमबाज मुलीचं पत्र आलं आहे. ती लिहिते:

‘ताई, माझं वय २४. सहा वर्षं दहा मीटर एअर पिस्तूल खेळते, वरळीच्या रेंजवर सराव करते. गेल्या वर्षापासून सरांनी पंचवीस मीटरचाही सराव सुरू करून दिलाय, पण त्याचं पॉइंट टू-टू पिस्तूल, म्हणजे खऱ्या काडतुसाचं, क्लबचं आहे. माझं स्वतःचं फक्त एअर पिस्तूल. पुढच्या महिन्यात दिल्लीला तुघलकाबादच्या रेंजवर माझी एअर पिस्तुलाची मॅच आहे. आजवर प्रत्येक स्पर्धेला टीमबरोबर ट्रेननं गेले. विमानानं पहिल्यांदाच जातेय, तेही एकटी. पिस्तूल चेक-इनमध्ये द्यायचं एवढं कळलंय. प्रश्न केबिन बॅगेचा आहे. बाबा म्हणतात, रोजची काळी सॅक दणकट आहे, तीच ने, नवीन खर्च कशाला. मैत्रीण एक टॅक्टिकल बॅग घे म्हणते, तिला भरपूर कप्पे असतात. मला वाटतं सरळ चाकांची ट्रॉली घ्यावी. सिक्युरिटीला अडवलं आणि मॅच हुकली तर, या विचारानं झोप लागत नाही. कोणती बॅग घेऊ?’

प्रिय मुली,

आधी बाबांच्या काळ्या सॅकबद्दल बोलते, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि तू ती सहज लिहून पुढे गेलीस. ती सॅक केबिनमध्ये न्यायची नाही. चेक-इनमध्येही टाकायची नाही, कारण तिथल्या सामानाचाही एक्स-रे होतोच. ती सॅक विमानतळाच्या दारात जाताच कामा नये.

सॅकमध्ये काही दोष आहे म्हणून नव्हे. ती रेंजवर जाते म्हणून.

पॉइंट टू-टूचं काडतूस केवढं असतं ते तू रोज बघतेस. लांबीला जेमतेम एक इंच, वजनाला तीन-साडेतीन ग्रॅम. पंचवीस मीटरला पाच-पाच गोळ्यांच्या सिरीज असतात. मॅगझिन भरताना एखादी गोळी बोटांतून निसटते, टेबलावरून घरंगळते आणि खाली बॅग उघडी असते. कधी एखादी गोळी फुटतच नाही. मग ‘नंतर परत देऊ’ म्हणून ती ट्रॅकपँटच्या खिशात जाते आणि घामेजलेली ट्रॅकपँट सॅकमध्ये. तू गोळी झाडलीही नसशील, पण तुझ्या डावीकडे उभ्या असलेल्या उजव्या हाताच्या नेमबाजाच्या पिस्तुलातून पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी टरफलं, उजवीकडेच उडतात. त्यातली एखादी तुझ्या उघड्या कप्प्यात पडली तर तुला कधीच कळणार नाही. काळ्या अस्तराच्या सॅकच्या तळाशी, जिथे शिवण थोडी सैल झालेली असते, तिथे ती वर्षभर बसून राहते. रोज सॅक उचलणाऱ्या खांद्याला साडेतीन ग्रॅमचा फरक जाणवत नाही.

एक्स-रेच्या पडद्यावर मात्र ती लपत नाही. त्या यंत्रात कपडे, खाणं, कागद नारिंगी दिसतात आणि धातू निळा. पडद्यासमोर बसलेल्या जवानाला ज्या आकारांचं प्रशिक्षण दिलेलं असतं, त्यात काडतुसाचा आकार अगदी पहिल्यांत येतो.

माझ्या बॅगेत सापडली होती ती रिकामी पुंगळी. बरीच वर्षं झाली. स्पर्धा आटोपून घरी परतत होते. शहराचं नाव सांगत नाही, त्याला महत्त्व नाही. माझ्याकडे रेंजवरचीच बॅग होती. मी ती दोनदा झटकली होती आणि मला पूर्ण खात्री होती. बॅग यंत्रातून गेली, परत गेली, मग बाजूला घेतली गेली. अस्तराच्या आतून ती पितळी पुंगळी जवानानं बोटानं बाहेर काढली तेव्हा माझ्या पायांतलं बळच गेलं. त्यांनी आवाज चढवला नाही, जे करायचं तेच केलं. मला बसवलं, वरिष्ठांना बोलावलं, ओळखपत्र, स्पर्धेचं पत्र, परवाना सगळं तपासलं, जबाब लिहून घेतला. परवाना माझ्या नावावर होता आणि पुंगळी फुटलेली होती, म्हणून चार तासांनी मला सोडलं. विमान तर गेलंच होतं. रात्री घरी फोन केला तेव्हा आईशी धड बोलताही येईना. ते चार तास आठवले की आजही तळहाताला घाम येतो. हे सगळं तुला सांगते कारण तुझ्याकडे तर परवानाही नाही.

ही गोष्ट नीट समजून घे. तुझं एअर पिस्तूल साडेचार मिलिमीटरचं आणि २० जूलच्या आतल्या ताकदीचं आहे, म्हणून शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे त्याला परवाना लागत नाही. पण तू रेंजवर जी पॉइंट टू-टूची गोळी हाताळतेस ती क्लबच्या परवान्यावरची. रेंजच्या फाटकाबाहेर ती तुझ्या बॅगेत सापडली तर कायद्याच्या नजरेत तो विनापरवाना दारूगोळा. एक गोळी असो वा शंभर. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम २५ लागतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान दोन वर्षं, कमाल पाच वर्षं आहे. पुढे कोर्टात बाजू मांडता येते. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, वस्तू आपल्याकडे आहे हे माणसाला माहीत असायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्येच सांगितलंय. विसरून राहिलेल्या एकुलत्या एका काडतुसाचे गुन्हे उच्च न्यायालयांनी याच आधारावर रद्दही केले आहेत. पण ते सगळं नंतर. आधी पोलीस ठाणं, एफआयआर, गोळी तपासणीला प्रयोगशाळेत, वकील, तारखा. तू २४ ची आहेस, म्हणजे स्वतःच्या पॉइंट टू-टू पिस्तुलासाठी परवान्याचा अर्ज उद्याही करू शकतेस. त्या अर्जावर पोलिसांचा अहवाल लागतो. पासपोर्टलाही लागतो. परदेशातल्या स्पर्धांचं स्वप्न तू पत्रात लिहिलं नाहीस, पण सहा वर्षं रोज वरळी गाठणाऱ्या मुलीला ते नसेल असं मला वाटत नाही.

तेव्हा रेंजची बॅग वेगळी आणि प्रवासाची वेगळी. या दोघींनी एकमेकींचं तोंडसुद्धा बघायचं नाही. नवी बॅग घरी आली की ती रेंजवर एकदाही जाणार नाही, ‘आजच्या दिवस’ म्हणूनही नाही. स्पर्धेच्या गावी पोचलीस की ती हॉटेलच्या खोलीत राहील आणि रेंजवर नेण्यासाठी घडी घालून आणलेली साधी कापडी पिशवी वापरायची.

आता बॅग कशी घ्यायची ते सांगते. मैत्रिणीनं सुचवलेली टॅक्टिकल बॅग मनातून काढून टाक. तिला पंधरा-वीस कप्पे असतात, पट्ट्यांवर पट्ट्या शिवलेल्या असतात, आणि तिची सगळी खुबी म्हणजे वस्तू लपतील अशी जागा. तुला नेमकं उलटं हवंय. जितके कप्पे जास्त, तितक्या तुला तपासाव्या लागणाऱ्या जागा जास्त. शिवाय लष्करी छापाचं कापड, पिस्तुलाच्या कंपनीचा बिल्ला, निशाणाचं चित्र असलं काही बॅगेवर असलं की जवान बॅग उघडायला सांगणारच, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

ट्रॉली वाईट नाही, पण तुझ्या कामाची नाही. देशांतर्गत विमानात इकॉनॉमीला केबिनमध्ये साधारण सात किलोची मुभा असते आणि रिकामी ट्रॉलीच दोन-अडीच किलो खाते. दुसऱ्या हाताला पिस्तुलाची पेटी असलेली सुटकेसही ओढायची आहे. दोन्ही हात अडकले की ओळखपत्र काढतानाही धांदल उडते.

तू पाठीवरची सॅक घे, पण पुस्तकासारखी पूर्ण उघडणारी. म्हणजे चेन तीन बाजूंनी तळापर्यंत जाते आणि बॅग टेबलावर सपाट पसरते. आत एक मोठा कप्पा, एक लॅपटॉपचा, बाहेर एक छोटा, बस. आणि अस्तर फिक्या रंगाचं हवं, राखाडी, पिवळं, पोपटी, कुठलंही चालेल. काळं मात्र नको. दुकानात बॅग घेताना लोक बाहेरचा रंग बघतात. तू आतला बघ. फिक्या अस्तरावर पडलेली टाचणीसुद्धा दिसते. अस्तर सगळीकडे शिवलेलं आहे का, खिशाच्या तळाशी बोट आत शिरेल अशी फट आहे का, ते बोटांनी चाचपून बघ. क्रॉफर्ड मार्केटच्या आजूबाजूच्या दुकानांत अशा बॅगा दोन हजारांच्या आत मिळायला हव्यात. मनासारखं अस्तर मिळालं नाही तर धारावीत शिवून घे, तिथले कारागीर सांगाल तशी बॅग शिवतात. माप ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरच्या आत ठेव, पण तुझ्या तिकिटाच्या कंपनीनं काय दिलंय ते एकदा बघून घे.

आणि सॅक दोन्ही खांद्यांवर घे. मॅचच्या आदल्या दिवशी सात किलो एकाच खांद्याला, तेही पिस्तुलाच्या हाताच्या, लटकवून फिरलीस तर दुसऱ्या दिवशी होल्डमध्ये, म्हणजे पिस्तूल स्थिर रोखून धरताना, ते दिसेल.

बॅगेत काय ठेवायचं याची मी एकच परीक्षा करते. ही वस्तू गेली किंवा उशिरा आली तर उद्याची मॅच खेळता येईल का? नेमबाजीचा चश्मा तुझ्या डोळ्याच्या नंबरचा, तुझ्या मापानं बसवलेला, तो दिल्लीत दुसरा मिळणार नाही. तो कडक डबीत घालून केबिनमध्ये. स्कोअरची वही, स्पर्धेचं प्रवेशपत्र, नॅशनल रायफल असोसिएशनचं ओळखपत्र, पिस्तुलाचं बिल, या सगळ्याच्या प्रती एका पारदर्शक फोल्डरमध्ये, तोही केबिनमध्ये. मॅचचा टी-शर्ट, एक जोडी कपडे, औषधं. पॉवर बँक केबिनमध्येच हवी, चेक-इनच्या बॅगेत ती निघाली तर बॅग उघडायला परत बोलावतात. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक सुमारे ७४ भरते, म्हणजे चालेल. सुट्या लिथियम बॅटऱ्याही केबिनमध्येच, टोकांना चिकटपट्टी लावून.

पिस्तुलाचा कुठलाही भाग मात्र केबिनमध्ये नाही. लाकडी ग्रिप तुझ्या हाताच्या मापानं घासून घेतलेली असेल आणि जिवापाड जपावीशी वाटत असेल, तरी ती पिस्तुलाबरोबर पेटीतच जाईल. साइटची पानं, बॅलन्सची वजनं, ॲलन की, छोटा स्क्रूड्रायव्हर, छऱ्यांचा डबा हे सगळं चेक-इनमध्ये. ‘एवढीशी तर चावी आहे’ असं म्हणून ॲलन की वरच्या खिशात टाकू नकोस. (रायफलवाल्यांचं जाड, जड जाकीट-पँट वाहून न्यायचं दुखणं तुला नाही, एवढं पिस्तुलवाल्यांचं सुख आहे.)

बूट हा जरा नाजूक प्रश्न आहे. सपाट तळव्याचे मॅचचे बूट केबिनमध्ये घ्यावेत असं मी एरवी सांगितलं असतं. पण तुझे बूट पंचवीस मीटरच्या फायरिंग पॉइंटवर फिरले आहेत. विमानतळावर कधीकधी बॅगेवरून किंवा हातावरून एक पट्टी फिरवून ती यंत्रात घालतात. ते यंत्र स्फोटकांतल्या नायट्रोयुक्त रसायनांचे सूक्ष्म कण शोधतं, आणि काडतुसातल्या धूरविरहित दारूत तीच रसायनं असतात. एअर पिस्तुलात दारू नसते, फक्त दाबाची हवा, म्हणून दहा मीटरवाल्यांना ही काळजी नाही. तुला आहे. म्हणून बूट चेक-इनमध्ये, वेगळ्या पिशवीत बांधून. निघायच्या आदल्या दोन दिवसांत पंचवीस मीटरचा सराव करू नकोस. प्रवासात घालायचे कपडे धुतलेले असू देत, रेंजवरची टोपी घरी ठेव, चश्मा आणि फोनचं कव्हर पुसून घे. यंत्र वाजलंच तर घाबरू नकोस. तो आरोप नसतो, पुढची तपासणी असते. शांतपणे सांग की मी नेमबाज आहे, पॉइंट टू-टूचा सराव करते, आणि फोल्डर पुढे कर.

चेक-इनच्या पेटीबद्दल थोडक्यात. परवाना लागत नसला तरी विमान कंपनीला एअर पिस्तुलाची कल्पना तिकीट काढल्यावर लगेच लेखी दे आणि त्यांचं उत्तर छापून जवळ ठेव. कडक पेटी, कुलूप, आत पिस्तूल रिकामं. पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर काढून पूर्ण रिकामा कर, दाबमापकाचा काटा शून्यावर आलेला दिसला पाहिजे. हवा तुघलकाबादला भरून घेता येईल. काउंटरवर पेटी उघडायला सांगतील, म्हणून ती सुटकेसमध्ये सगळ्यात वर ठेव. बोलताना ‘माझ्याकडे गन आहे’ असं वाक्य तोंडून काढू नकोस. ‘स्पर्धेचं एअर पिस्तूल चेक-इनमध्ये द्यायचंय, ही कागदपत्रं’ एवढंच. या कामाला वेळ लागतो, तीन तास आधी पोच. परळहून टॅक्सी कर. मेट्रोच्या दारातही एक्स-रे आहे, तिथे पिस्तुलाची पेटी घेऊन उभी राहू नकोस.

निघायच्या आदल्या रात्री नवी सॅकसुद्धा, ती कधी रेंजवर गेलेली नसली तरी, पलंगावर पांढरी चादर पसरून त्यावर पूर्ण रिकामी कर. प्रत्येक खिसा उलटा कर. डोळ्यांवर विसंबू नकोस, बोटं फिरव. कुणी लोहचुंबक फिरवायला सांगेल, पण पितळ आणि शिसं चुंबकाला चिकटत नाही, त्या भरवशावर राहू नकोस. मग सामान भर आणि नंतर त्या बॅगेला आईबाबांनीही हात लावायचा नाही. आई प्रेमानं लाडवांचा डबा घालणार असेल तर तो तुझ्या देखत घालू दे.

घरी कधी एखादी गोळी सापडलीच, तर ती कचऱ्यात टाकायची नाही आणि ड्रॉवरमध्येही ठेवायची नाही. लगेच सरांना फोन करायचा आणि ती परत कशी करायची ते ते सांगतील तसंच करायचं. विमानतळावर रांगेत असताना हाताला लागली तर गुपचूप डस्टबिनमध्ये टाकण्याचा मोह होईल. तो टाळ. जवळच्या जवानाला स्वतःहून सांग. यंत्रात दिसली तर बॅगेत हात घालू नकोस, गोष्टी रचू नकोस, जे आहे ते सांग आणि घरी व सरांना फोन करू देण्याची विनंती कर. न वाचता कशावरही सही करू नकोस.

सगळ्यात जपायचा तो परतीचा प्रवास. माझीही पुंगळी परतीलाच निघाली होती. जाताना आपण सावध असतो. परतताना मॅच संपलेली असते, अंग दुखत असतं, स्कोअर डोक्यात घोळत असतो आणि टीममधलं कुणीतरी म्हणतं, ‘माझी बॅग भरलीय गं, हे जरा तुझ्यात ठेव.’ त्या वेळी नाही म्हणायचं. मैत्रीण कितीही जवळची असो. तिच्या पाऊचमध्ये काय आहे हे तिलाही पक्कं माहीत नसतं. हॉटेलवर पुन्हा चादर पसर, पुन्हा खिसे उलटे कर. कापडी पिशवी रेंजवर वापरलेली असेल, ती तिथेच टाकून ये, चाळीस रुपयांची गोष्ट आहे.

राहिले बाबा. त्यांना हे पत्र वाचून दाखव. ते खर्चाला नाही म्हणत नाहीयेत, चांगली वस्तू वाया जाऊ नये असं म्हणताहेत, आणि ते बरोबरच आहे. ती काळी सॅक अजून बरीच वर्षं वरळीला जाईल. फक्त तिच्या आत, चेनच्या जवळ, पांढऱ्या धाग्यानं ‘रेंज’ एवढा शब्द टाकून घ्या, म्हणजे घाईत कुणी ती विमानतळासाठी उचलणार नाही. बाबांचा हात शिवणकामाला बसलेला असेल तर हे काम त्यांनाच सांग.

मॅच झाली की स्कोअर कळव. वाट बघते.

तुझी ताई